एल्समियरचे पांढरे लांडगे

कॅनडाच्या पार उत्तर टोकाला एल्समियर बेट आहे, तिथले पांढरे आर्क्टिक लांडगे मला जाम आवडतात. हिवाळ्यात तिथे काही महिने सूर्य उगवतच नाही आणि ही मंडळी त्या अंधारात, उणे चाळीसच्या थंडीत शिकारीला मैलोन्‌मैल भटकत असतात. कान छोटे, तोंड आखूड, म्हणजे अंगातली ऊब कमी वाया जाते. जमीन कायमची गोठलेली, त्यामुळे बीळ खणणं अवघडच, मग खडकातली कपार बघून तिथेच पिल्लं वाढवतात.

शिकार आर्क्टिक ससे नाहीतर मस्कऑक्स, म्हणजे लांब केसांचे बैलासारखे प्राणी. मस्कऑक्सचा कळप पिल्लांना मध्ये घेऊन शिंगं बाहेर करून गोल उभा राहतो, आणि लांडगे भोवती फिरत बसतात, कोणीतरी घाबरून पळावं म्हणून, एकदा कळप फुटला की मग पिल्लू वाचणं कठीण.

डेव्हिड मीच (Mech) नावाचे शास्त्रज्ञ 1986 पासून 2010 पर्यंत उन्हाळ्यात तिथे जायचे. तिथे माणसाने लांडग्यांना फारसं छळलेलंच नाही, म्हणून ते मीचना बघून पळायचे नाहीत, पिल्लांसमोरसुद्धा त्यांना जवळ बसू द्यायचे. हे वाचलं तेव्हा खरंच भरून आलं मला!