तुम्ही विचारलंत म्हणून : कवचबीजाच्या चूर्णाने अपाय होतो का?

दादरच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून मी गेली २६ वर्षे उभी आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी गोळ्या पिशवीत टाकता टाकता आवाज खाली आणून विचारतेच : "ताई, डोपामिन वाढवणारे ते कवचबीजाचे चूर्ण सोबत दिले तर चालेल ना? झाडपाल्याचेच आहे, त्याने अपाय थोडाच होणार?" मागे गिऱ्हाइके खोळंबलेली असताना या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

अपाय होऊ शकतो, आणि त्या चूर्णात दम आहे म्हणूनच होतो.

कवचबीज म्हणजे खाजकुइलीचे बी. रत्नागिरीकडे आमच्या गावी पावसाळा सरला की कुंपणावर हिचा वेल शेंगांनी लगडतो. शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो, म्हणून पोरांना त्या बाजूला फिरकू देत नाहीत. शेंगेतल्या बियांमधून १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी लेव्होडोपा वेगळा काढला. कंपवाताच्या मुख्य गोळीत जो लेव्होडोपा असतो, तोच हा. कंपवातात मेंदूत कमी पडणारे रसायन म्हणजे डोपामिन; ते पोटातून घेतले तर मेंदूपर्यंत पोहोचत नाही. लेव्होडोपा पोहोचतो आणि तेथे गेल्यावर त्याचे डोपामिन होते. तेव्हा डबीवर 'हर्बल' लिहिलेले असो वा 'पूरक आहार', आत आहे ते तुमच्या चिठ्ठीवरचेच औषध आहे, फक्त न मोजलेले.

हे न मोजलेले असणे किती महागात पडते, याचा हिशेब सोपा आहे. बियांमध्ये साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतो, म्हणजे ५ ग्रॅमच्या एका चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम. नेहमीच्या एका गोळीत पुष्कळदा १०० मिलिग्रॅम असतो. चमचा सपाट की शिगोशीग, यावरच एका गोळीचा फरक पडू शकतो. बाजारात साध्या चूर्णाखेरीज सत्त्वाच्या कॅप्सूलही मिळतात आणि त्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त असते. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा १६ उत्पादनांमध्ये एका मात्रेमागे २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत लेव्होडोपा सापडला.

गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा घातलेला असतो. मेंदूत शिरण्याआधीच लेव्होडोपाचे डोपामिन होऊ नये, हे त्याचे काम. चूर्णात तो नसतो. त्यामुळे नुसते चूर्ण घेणाऱ्याला मळमळ, उलटी, पोट फुगणे हे त्रास आधी सुरू होतात. मात्र जो माणूस गोळीही घेतो आणि चूर्णही, त्याच्या शरीरातला गोळीचा कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपालाही वाट करून देतो. अशा वेळी चूर्ण अपेक्षेपेक्षा फार जोरात लागू पडते. हे मी पुस्तकातही वाचले होते, पण मला ते कळले माझ्या काकांमुळे.

काका गिरगावात चाळीत राहतात. दिवसातून तीन गोळ्यांवर त्यांचे बरे चालले होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून काकूंनी सकाळ-संध्याकाळ एक चमचा चूर्ण दुधातून द्यायला सुरुवात केली. पहिले पंधरा दिवस घरात आनंदीआनंद होता; काका स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावू लागले, जिना कठड्याला न धरता उतरू लागले. मग दूध प्यायल्यावर तासाभराने त्यांची मान डोलू लागली आणि उजवा खांदा आपोआप उडू लागला. काकूंना वाटले, आजार बळावला. त्यांनी चमचा आणखी भरून दिला. प्रत्यक्षात ती कंपवाताची थरथर नव्हती, औषध जास्त झाल्याची खूण होती. डॉक्टर तिला डिस्कायनेसिया म्हणतात. कंप असतो तो हात मांडीवर स्वस्थ असताना होणारा, एका ठेक्यातला. ही हालचाल पिळवटल्यासारखी, वळणावळणाची असते आणि ती औषधाच्या वेळेशी बांधलेली असते. घरच्यांनी हा फरक डोळ्यांत साठवून ठेवावा असे मला मनापासून वाटते, कारण तो न कळल्याने नेमका उलटा उपाय केला जातो.

पुढे एका रात्री काका उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मोरीच्या कट्ट्याशी पडले. उभे राहताना रक्तदाब एकदम उतरणे हाही लेव्होडोपाचाच परिणाम, आणि ते आधीपासून रक्तदाबाची गोळी घेत होते. त्यानंतर त्यांना भास होऊ लागले. खाटेच्या पायथ्याशी लहान मुले बसलेली दिसायची आणि ते काकूंना सांगायचे, "त्या पोरांना काहीतरी खायला दे गं." काकूंनी ते ऐकून रडत मला फोन केला होता.

डॉक्टरांनी विचारले, "चिठ्ठीवरच्या गोळ्यांशिवाय आणखी काही औषध घेता का?" काकू म्हणाल्या, "नाही." त्या खोटे बोलत नव्हत्या, दुधातली पूड त्यांच्या लेखी औषध नव्हतीच. मी घरी जाऊन फडताळातला स्टीलचा डबा काढला, तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तो चमचा मागवून पाहिला आणि चूर्ण एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले, कारण लेव्होडोपा अचानक तोडला तर अंग लाकडासारखे ताठ होणे, खूप ताप चढणे, शुद्ध हरपणे अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. तेव्हा हे वाचून घाबरून आज रात्रीपासून डबा फेकून देऊ नका.

दुकानात वारंवार दिसणारी आणखी एक गोष्ट सांगते. चूर्णाने मळमळ होते, म्हणून घरचे उलटीची गोळी मागायला येतात. त्यांतले मेटोक्लोप्रामाइड मेंदूतल्या डोपामिनचाच मार्ग अडवते आणि कंपवात वाढवते. अशा रुग्णाला ते देऊ नये. रॅसॅजिलिन किंवा सेलेजिलिन ही कंपवाताचीच दुसरी औषधे चालू असतील, मधुमेहाची औषधे असतील, काचबिंदू असेल, पूर्वी मानसिक आजार झालेला असेल, तर चूर्णाचा विषय डॉक्टरांपुढे काढल्याशिवाय पहिला चमचाही घेऊ नये.

कवचबीज टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. लंडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ रुग्णांना ३० ग्रॅम चूर्ण दिल्यावर गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि सरासरी ३७ मिनिटे जास्त टिकला. पण ती एकेक मात्रा होती, देखरेखीखाली दिलेली. बोलिव्हियात ते काही आठवडे रोज देऊन पाहिले, तेव्हा १४ पैकी निम्म्या रुग्णांना मध्येच थांबवावे लागले. काहींना पोट सहन होईना, काहींची हालचाल बिघडत गेली. आपले वैद्यही बियांचे टरफल काढून, दुधात शिजवून, शोधन करून आणि रुग्णाची पचनशक्ती पाहून मात्रा ठरवतात. घ्यायचेच असेल तर वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट या दोघांनाही एकमेकांची औषधे ठाऊक असली पाहिजेत, एवढा माझा आग्रह आहे.

गेल्या आठवड्यात प्रभादेवीच्या एका बाईंनी हाच प्रश्न विचारला आणि बोलता बोलता लक्षात आले की त्या यजमानांना महिनाभर चूर्ण देतच आहेत. मी बिलाच्या पाठीमागे चार ओळी लिहून दिल्या : कधीपासून, कोणत्या चमच्याने, किती वाजता, आणि त्यानंतर तासाभरात मान किंवा हात वेगळा हलतो का. गुरुवारी त्यांची डॉक्टरांची वेळ होती. तो कागद आणि चमच्यासकट डबा, दोन्ही पिशवीत घालून न्या, असे त्यांना सांगितले.