बोहारणीकडून परत आलेल्या तीन साड्या : आमची वाटचाल

नाशिकची थंडी ज्यांनी काढलीय त्यांना गोधडी काय चीज असते ते सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागला की आमच्या सिडकोतल्या घरी सासूबाई माळ्यावरचं गाठोडं खाली काढायच्या आणि गोधड्यांना गच्चीवर ऊन दाखवायच्या. आज आम्ही लोकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या हाताने शिवून देतो, पण धंदा वगैरे शब्द तेव्हा आमच्या डोक्यातही नव्हता.

2016 ची गोष्ट. मला सातवा महिना चालू होता आणि दारात बोहारीण आली. मी घरातल्या सात-आठ जुन्या सुती साड्या तिच्यापुढे टाकल्या, एका स्टीलच्या पातेल्यावर सौदा जमत आला होता, तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि काही न बोलता त्यातल्या तीन साड्या उचलून आत गेल्या. त्या तीन साड्यांमधून बाळाची दोन दुपटी झाली आणि एक गोधडी झाली. त्यांच्या शेजारी बसून मी पहिल्यांदा धावदोरा घातला, आणि खरं सांगते, त्या दुपारी मला जे शांत वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं, संध्याकाळचा चहा टाकायचा राहिला तरी हात थांबेना.

शिवायची पद्धत अजून त्यांचीच आहे. फरशीवर खालची साडी ताणून अंथरायची, कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, डबा जे हाताला लागेल ते वजन ठेवायचं, मग एकेक थर टाकून तळहाताने बाहेर बाहेर सारत न्यायचा म्हणजे मधे फुगा राहत नाही. वर तुकड्यांची रंगसंगती जुळवायची, कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे, आणि काठापासून सुरू करून फेऱ्या मारत मध्यापर्यंत यायचं. सुईवर पाच-सहा टाके भरायचे मग दोरा ओढायचा, जास्त ओढला तर कापड गोळा होतं, सैल सोडला तर लहान बाळाचं बोट अडकतं. दोन-तीन धुण्यांनंतर गोधडीवर ती बारीक बारीक लाट दिसते ना, ती ह्या टाक्यांमुळे. आणि ऊब येते ती थरांच्या मधे राहिलेल्या हवेची. नव्या कापडाला खळ असते, सुई अडते, वीस वर्षं धुतलेल्या सुती साडीत ती लोण्यासारखी जाते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची, सिंगल गोधडीला तीन-चार साड्या सहज लागतात.

मुलीच्या बारशाला आलेल्या बायकांनी दुपटी बघितली आणि तिथेच दोन ऑर्डरी आल्या. शिवायला थोरल्या जाऊबाई आल्या, समोरच्या मावशी आल्या, मग त्यांच्या ओळखीच्या दोघी. दोरा-सुया रविवार कारंजावरून, रंग जुळवायचं काम जाऊबाईंचं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचं माझं. कर्ज काढलं नाही, अंथरूण पाहून पाय पसरायचे हे सासूबाईंचं म्हणणं आम्ही शब्दशः पाळलं.

2018 ला मात्र आमच्या हातून मोठी चूक झाली. एका ताईंनी वारलेल्या आईच्या साड्या दिल्या होत्या, त्यात एक लाल इरकल आणि एक पांढरट सुती साडी. आम्ही सगळ्या एकत्र भिजवल्या, आणि सकाळी बादलीत बघते तर पांढरी साडी गुलाबी. मी दोन दिवस फोन करायची टाळाटाळ केली, त्याची मला अजून लाज वाटते. तिसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. त्या खूप रडल्या, रागावल्या, आणि मग म्हणाल्या तशीच शिवा. तेव्हापासून प्रत्येक साडी वेगळी धुतो, त्याआधी ओलं पांढरं फडकं काठावर घासून रंग सुटतो का बघतो. येवल्याच्या पैठण्याही लोक घेऊन येतात, त्यांना आम्ही प्रेमाने नाही म्हणतो, जरीची तार अंगाला टोचते आणि पैठणी फाडायला आमचा हातही होत नाही. सिंथेटिक साडी अजिबात घेत नाही.

मशीनवर का शिवत नाही, हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात येतो. मशीनवर दिवसाला दोन होतील, हाताने एका बाईला एका गोधडीला बारा-पंधरा दिवस लागतात. पण मग ते आमचं काम राहणार नाही, एवढंच मला कळतं. सिंगल गोधडी 3,800 ला देतो, त्यातले 2,400 शिवणाऱ्या बाईचे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये साड्या येणं बंद झालं, तेव्हा आमच्याकडचे कापलेले तुकडे, दोरा, सुई आणि हाताने काढलेलं चित्र असं पाकीट करून दिलं, घरी बसून उशीचा अभ्रा शिवा म्हणून. त्याच वर्षी जुलैमध्ये छोट्या उद्योगांसाठी सरकारची उद्यम नोंदणी सुरू झाली, ती मोफत होती, करून टाकली.

ह्या पाकिटांवरूनच सुचलं. सासूबाई सांगायच्या, गोधडी उपाशी ठेवायची नाही, मध्यावर पोचलं की भाकरीचा छोटासा तुकडा आत घालून मग शेवटचे टाके. आता आम्ही मधला वीतभर चौकोन मोकळा ठेवतो, दोरा ओवलेली सुई तिथेच टोचून देतो, आत काय घालायचं आणि टाके कसे घालायचे ते घरच्यांनी ठरवायचं. मागच्या हिवाळ्यात नाशिकरोडचे एक काका आले होते, प्रेसमधून रिटायर झालेले, बायकोच्या चार साड्या घेऊन. गोधडी नेली आणि आठवड्याने फोटो पाठवला, मधला चौकोन पूर्ण, टाके एक लांब एक आखूड, एका कोपऱ्यात दोऱ्याची भली मोठी गाठ. खाली लिहिलं होतं, दोरा संपलाय, अजून थोडा मिळेल का, नातीलाही शिवायचंय. मी त्याच संध्याकाळी दोन रिळं नेऊन दिली.