स्विच-केसची सवय

सोमवार, रात्री

अनोळखी कोड समोर आला की मी आधी ‘मेन’ शोधते, म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन. तिथून बोट धरून खाली उतरलं की तासाभरात कळतं कुठे काय चाललंय. सध्या शिकायला घेतलेल्या स्मॉलटॉक या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत मेनच नाही. फारो (स्मॉलटॉकची मी वापरते ती आवृत्ती) उघडलं की एक जिवंत इमेज, म्हणजे चालू स्थितीतलं आख्खं वातावरण, समोर येते. तिच्यात असंख्य ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेले घटक) आधीपासूनच नांदत असतात, आपण त्यातल्या कोणाला तरी मेसेज पाठवायचा, म्हणजे काम सांगायचं. प्रोग्राम सुरू कुठे होतो, या प्रश्नाला इथे अर्थच नाही. आयुष्यभर सी लिहिणाऱ्या बाईला हे पचायला वेळ लागतो.

ऑफिसातल्या पोरांनी विचारलं, “मॅडम, शिकायचंच तर जावा शिका ना, इथे बीकेसीत सगळीकडे तेच चालतं.” मुद्दा बरोबर आहे. पण जावात मी बिनदिक्कत सी लिहू शकते. एक क्लास (ऑब्जेक्टचा साचा), त्यात दोन पानांची स्टॅटिक मेथड (क्लासमधलं फंक्शन), आत भलामोठा स्विच, म्हणजे प्रकार बघून कोणती ‘केस’ चालवायची ते ठरवणारी रचना. कंपाइलर हूं की चूं करत नाही. स्मॉलटॉकमध्ये ती पळवाटच नाही, म्हणून ते घेतलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करता येत नाही, त्यामुळे जे काही होईल ते मुलुंडला घरी पोचल्यावर, कुकर लावून झाल्यावर.

मंगळवार

३ + ४ * २ चं उत्तर इथे १४ येतं. गुणाकार आधी वगैरे काही नाही. अधिक काय, गुणिले काय, दोन्ही नुसते मेसेज, डावीकडून उजवीकडे जातील तसे. कंस घाला आणि पुढे चला.

अट तपासणारा ‘इफ’सुद्धा भाषेत नाही. शिल्लक किमान रकमेपेक्षा कमी आहे का, असं विचारलं की उत्तरादाखल ट्रू किंवा फॉल्स हे ऑब्जेक्ट मिळतं, आणि मग त्यालाच सांगायचं की खरं असशील तर हा ब्लॉक (कोडचा तुकडा) चालव. मी फारोच्या कोड-ब्राउझरमध्ये ट्रू नावाच्या क्लासचा सोर्स उघडून बघितला. ‘खरं असशील तर’ची मेथड एका ओळीची निघाली: दिलेला ब्लॉक चालव. फॉल्सच्या क्लासमध्ये तीच मेथड काहीही न करता निल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देते. निर्णय कोणी घेतच नाही. ज्याच्या हाती मेसेज पडला तो आपल्या स्वभावानुसार वागतो. (प्रत्यक्षात कंपाइलर वेगासाठी तिथे मेसेजऐवजी साधा जंपच (कोडमधली उडी) टाकतो, हे कळल्यावर माझ्यातल्या सी-वालीला जरा बरं वाटलं.)

गुरुवार

आतली यंत्रणा मला नवी नाही. स्ट्रक्चरमध्ये (एकत्र बांधलेल्या माहितीत) फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचे पत्ते, ठेवायचे आणि त्यातून कॉल करायचा, हे सी-वाले कायम करत आलेत. यादी क्रमाने लावणाऱ्या ‘क्यूसॉर्ट’ला तुलनेचं फंक्शन देणं हा त्यातलाच प्रकार. सी++ चे जनक स्ट्रोस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये तिचं पहिलं रूप असलेल्या ‘सी विथ क्लासेस’चं काम सुरू केलं ते सिम्युला या भाषेवरून सुचून. ऑस्लोमध्ये डाल आणि न्यूगार्ड या जोडीने केलेली ती भाषा, तिची १९६७ ची आवृत्ती. आणि सी++चा पहिला कंपाइलर सीफ्रंट शेवटी सी कोडच ओकायचा. मी नव्वदच्या दशकात जुहूच्या एनसीएसटीत (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) शिकले. तेव्हापासून क्लास म्हणजे स्ट्रक्चर अधिक फंक्शन एवढंच डोक्यात बसलेलं, आणि ते चुकीचंही नाही. अडचण यंत्रणेची नाही, विचार कुठून सुरू करायचा याची आहे.

म्हणून आज माझ्या ओळखीचाच, बँकेच्या सॉफ्टवेअरमधला विषय घेतला: व्याज. बचत, मुदत ठेव, रिकरिंग. सीमध्ये खात्याच्या प्रकारावर स्विच, प्रत्येक केसमध्ये हिशेब. हाच स्विच व्याज जमा करताना, स्टेटमेंट छापताना, खातं बंद करताना, असा जागोजागी. पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळायचं. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर करायला लावलं. ते दिवस चांगलेच आठवतात. ग्रेप (सगळ्या फाइलींत शब्द शोधणारी कमांड) मारायचं, सापडलेला प्रत्येक स्विच उघडायचा, कागदावर टिक करायची. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये बचतीचे दर मोकळे झाले, एक लाखाच्या वरच्या शिलकेला वेगळा दर चालेल असं आलं. पुन्हा ग्रेप.

फारोमध्ये बचत हा एक क्लास, त्याला ‘व्याज’ विचारायचं. नियम बदलला तर ती एकच मेथड बदलायची; स्टेटमेंट छापणाऱ्याला पत्ताही लागत नाही. २०१० साली हे हाताशी असतं तर, असं वाटून गेलं.

पण एवढ्यावर भाळून जायला मी काल नोकरीला लागलेली नाही. उद्या सगळ्या खात्यांसाठी एक नवा रिपोर्ट मागितला, तर सीमध्ये मी एक फंक्शन लिहीन आणि सगळे प्रकार एका पानावर दिसतील. इथे प्रत्येक क्लासमध्ये जाऊन एकेक मेथड घालायची. प्रकार वाढले की ऑब्जेक्ट सोयीचे, कामं वाढली की स्विच सोयीचा. या पेचाला संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॅडलर यांनी १९९८ मध्ये ‘एक्सप्रेशन प्रॉब्लेम’ असं नाव दिलं. ऑब्जेक्टवाले याबद्दल फारसं बोलत नाहीत. बँकेत तर बदल दोन्हीकडून येतात, आणि मार्चअखेर तोंडावर असतानाच येतात.

शनिवार

आजची सगळी मजा डीबगरची, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायच्या साधनाची. रिकरिंगला ‘व्याज’ विचारलं, मेथड लिहिलीच नव्हती. सीमध्ये एव्हाना प्रोग्राम कोसळून कोर डंप पडला असता. इथे डीबगर उघडला, त्यात मेथड तयार करायचं बटण. तिथल्या तिथे लिहिली, पुढे चालू दिलं, आणि प्रोग्राम जिथे थांबला होता तिथूनच पुढे गेला, आधीच्या खात्यांचे आकडे शाबूत. कंपाइल नाही, पुन्हा डेटा भरणं नाही. पाव टक्का भागिले १२ केलं तर उत्तर अपूर्णांक म्हणूनच राहतं, म्हणजे ४८०० चा छेद तसाच. आपण दशांश मागेपर्यंत राउंडिंग नाही. पैशांचा हिशेब लाँगमध्ये (पूर्णांकात) ठेवत म्हातारी झालेल्या बाईला याचं अप्रूप वाटणारच.

लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या जर्नलमध्ये अ‍ॅनिमल, त्याखाली डॉग आणि कॅट, दोघं आपापला आवाज काढतात: इनहेरिटन्सचं, म्हणजे एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेण्याचं उदाहरण. “आई, व्हायव्हाला इनहेरिटन्स विचारतात, तुझं बँकेचं उदाहरण दे ना.” दिलं. तिने लगेच पुढची पायरी गाठली: ज्येष्ठ नागरिकांना मुदत ठेवीवर जादा दर मिळतो ना, मग ‘ज्येष्ठ मुदत ठेव’ हा मुदत ठेवीचा सबक्लास (वारस क्लास).

“आणि बँकेच्या कर्मचाऱ्याला मिळतो तो जादा दर?”

“कर्मचारी मुदत ठेव. दुसरा सबक्लास.”

“निवृत्त कर्मचारी, वय ६५. त्याला दोन्ही मिळतात. त्याचा क्लास कोणाचं पोर?”

ती थोडा वेळ जर्नलकडे बघत बसली. मग म्हणाली की ज्येष्ठ कर्मचारी मुदत ठेव. मग रिकरिंगला हे सगळं पुन्हा का, मी विचारलं. तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

मी सबक्लास केलेच नाहीत. जादा दर हे वेगळे छोटे ऑब्जेक्ट, ठेवीकडे त्यांची यादी. मूळ दर घ्यायचा, यादीतल्या प्रत्येकाला विचारायचं किती वाढवतोस, बेरीज करायची. निवृत्त ज्येष्ठाच्या यादीत दोन, बाकीच्यांच्या एक किंवा शून्य. लेकीचं म्हणणं, यात इनहेरिटन्स कुठेच नाही, व्हायव्हाला उपयोग काय. ते खरंच आहे. परीक्षेसाठी डॉग आणि कॅटच लिही म्हटलं, पण कामावर लागलीस की हे कर.