मैना मला बघून उठते

सोमवार, रात्री उशिरा

आमची घोडी मैना मला बघून उठते, आबांना बघून उठत नाही. एवढीच गोष्ट आहे. दिवसभरात कापूस वेचायला बाया येऊन गेल्या, बचत गटाचं बँकेतलं काम झालं, भावजयीची, रेखाची, आई आली, तरी डोक्यातून हीच एक गोष्ट जाईना. म्हणून लिहायला बसले.

घोडं आडवं कधी होतं हे ज्यांनी पाळलंय त्यांना माहीतच आहे. रात्र उतरणीला लागली की. एरवी ते उभ्या उभ्याच डुलक्या काढतं. मागच्या पायाची वाटी अशी अडकवून ठेवतं की जोर न लावता तासन्‌तास उभं राहता यावं, एक पाय ढिला सोडायचा, दुसऱ्यावर भार टाकायचा. पण ती नुसती डुलकी. गाढ झोप, ज्या झोपेत त्याचे ओठ हलतात, पाय झटकले जातात, ती जमिनीवर अंग टाकल्याशिवाय लागतच नाही. आणि तीही दिवसाकाठी जेमतेम तासभर. पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला आडवं होणं परवडत नाही. म्हणून ते जिथं भरवसा वाटेल तिथंच अंग टाकतं.

भरवसा. सकाळपासून हाच शब्द टोचतोय.

आबांची बाज गोठ्यातच असते. त्यांना खोकल्याची उबळ येते, बिडी पेटते, बाज करकरते, कधी पाण्याचा तांब्या हातून सुटतो. मैना डोळासुद्धा उघडत नाही. पिंट्या तर तिच्या पाठीला टेकून मोबाईल बघत बसतो आणि ती खुशाल पडून राहते. मी दाराशी आले की आधी कान वळतात. मग पुढचे दोन पाय लांब होतात, छाती उचलली जाते आणि मागचं अंग सावरत ती उभी. गाय आधी मागून उठते, घोडं पुढून. त्यामुळं घोड्याचं उठणं असं एकदम तोंडावर येतं. काल चप्पल बाहेर काढून गेले, बॅटरी लावली नाही. तरी उठली. आज पहाटे आबा काकड्याच्या आरतीला गेल्यावर मी गेले, म्हटलं गोठ्यात दुसरं कोणी नसताना तरी बघू. तरी उठली.

मी तिला कधी मारलं नाही. चाबूक तर आमच्या घरात नाहीच. तिच्या खोगिराचा तंग कधी आवळून बांधला नाही, लगामाची कडी थंडीत तोंडात घालायच्या आधी तळहातात धरून गरम करते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात तेव्हा तिच्यावर बसून बांध सोडून कधी आत गेले नाही, भेगेत खूर अडकला तर पायच जायचा. पाऊस लागून काळी माती चिकट झाली की नाल उपटून निघतो, म्हणून तेव्हा उतरून चालत नेते. हे कोणाला सांगायचं म्हणून लिहीत नाही. पण मग कामून उठते?

आज दुपारी मी बँकेतून आले तेव्हा रेखा आणि तिची आई ओसरीत पाय पसरून बसल्या होत्या. मी पायरीवर पाय ठेवला आणि दोघींनी पाय आवरले. बोलणं थांबलं. रेखा उठली, आतून लाल खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि म्हणाली, बसा आक्का. ह्याच ओसरीत मी सारवलेल्या भुईवर पालथी पडून पाढे पाठ केले. तेव्हा खुर्ची नव्हतीच घरात. भाऊ, बाळूसुद्धा मी आत आले की टीव्हीचा आवाज कमी करतो. माय तर मी काही विचारायच्या आत उठून चहा टाकते, गुडघे धरून. कोणी वाईट वागत नाही. सगळे चांगलेच वागतात. नुसते उठतात.

मी परत आल्याला आता... जाऊ दे, ते नाही लिहायचं.

मैनेनं तरी उठू नये असं वाटतं. तिला कोणी काही सांगितलेलं नाही. तिला सोयरीक कळत नाही, गाव काय म्हणतं ते कळत नाही. तिनं तरी मला ह्या घरचं धरावं. पण खरं सांगायचं तर ती आली तेव्हा ह्या घरात मी नव्हते. आबांनी तिला माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आणली ती मी तिकडं असताना. मला फोनवर सांगितलं होतं, तांबूस अंगाची कुमैत आहे, कपाळावर टिक्का आहे, गळ्याला देवमण आहे. देवमण म्हणजे गळ्यावरचा केसांचा शुभ भोवरा, तो असला की आबांना भावाची घासाघीस करायचीसुद्धा गरज वाटत नाही. तेव्हा तिचे दुधाचे दात पडायचे होते. तिनं ह्या गोठ्यातच दात बदलले, इथंच रेवाल चाल शिकली, इथंच तिला शिंगरू झालं. अकरा महिने तिला आबांनी सांभाळलं. शिंगराचं पुढं काय झालं ते घरात कोणी काढत नाही, मीही विचारत नाही. तिच्या हिशोबात घरची माणसं म्हणजे आबा आणि पिंट्या. मी मागून आलेली. माझ्यापेक्षा ती ह्या घराची जास्त आहे, असं आज दुपारी त्या खुर्चीत बसल्या बसल्या मनात आलं आणि डोळे भरून आले. रेखाच्या आईनं बघितलं असेल. बघू दे.

संध्याकाळी रानातून येताना मात्र मी तिच्याकडं नीट बघत होते. मन्याड नदीच्या कडेनं गाडीवाटेला लागलो की ती आपणहून रेवाल धरते. आबा म्हणायचे, वरच्या माणसाच्या हातात दुधानं भरलेला पेला दिला तरी सांडणार नाही, अशी चाल. हरभरा उगवून आलाय, हवेत गारवा, आणि तिचे दोन्ही कान पुढं. घाबरलेलं घोडं असं चालत नाही. घाबरलेल्या घोड्याची मान वर ताठ होते, नाकपुड्या फुगतात, डोळ्याचा पांढरा दिसतो, शेपूट आत दाबून धरतं. मागं तिला परण्याला नेली होती ना, बाळूच्या हट्टानं, नवरदेव मारुतीला न्यायला, त्या दिवशी डीजेसमोर मी तिला तशी बघितली आहे. घामानं काळी पडली होती. त्यानंतर आबांनी लग्नाची सुपारी घेतली नाही. ती भीती मला ओळखता येते. पहाटे मला बघून उठते तेव्हा त्यातलं एक लक्षण नसतं.

मग काय असतं? आठवून बघते. उभी राहते, अंग झाडते, मोठी जांभई देते. एक मागचा पाय लांब ताणते. मग दाव्याला ताण बसेल इतकी पुढं येते आणि मान खाली घालते. तोंडावरची दोरीची मोहरकी घालायला मी हात वर करायच्या आधी तिचं नाक त्यात असतं. पिंट्या मोहरकी घालायला गेला तर त्याला गोठाभर फिरवते, हे त्यानंच मला चिडून सांगितलंय. आबांपुढं तर ती मान खाली घालतच नाही, ते गुडघ्यामुळं तिच्यावर बसत नाहीत आता, त्यांच्याकडून तिला फक्त गूळ पाहिजे असतो.

म्हणजे ती मला बघून उठते कारण मी आले की बाहेर जायचं असतं. आबा म्हणजे निजायचं माणूस. पिंट्या म्हणजे टेकायचं. मी म्हणजे वाट.

हे लिहिलं आणि उलसं हलकं वाटलं, पण पुरतं नाही. वाट दाखवणारं माणूस आणि ज्याच्यापाशी निजता येतं ते माणूस, ह्यात दुसरं मोठं वाटतं मला. अजूनही वाटतं. लहानपणी आबा दसऱ्याला नांदेडला न्यायचे, गुरुद्वाऱ्याची मिरवणूक बघायला. खांद्यावर बसून मी ते सजवलेले घोडे बघायची. गर्दी, जयघोष, निहंग शिखांचे निळे पोशाख, आणि त्यातून दौडत जाणारे घोडे. मला तेव्हा त्यांच्यावर बसायचं नव्हतं. त्यांच्या तबेल्यात जाऊन त्यांच्याजवळ बसायचं होतं. आबांना मी तसं म्हटलेलं त्यांना अजून आठवतं.

कळपात सगळी घोडी एका वेळी आडवी होत नाहीत. एखादं तरी उभं राहतं, बाकीची निजतात. आमच्या गोठ्यात एकच घोडी, मग तिच्यासाठी उभं कोण राहतं? आबांचा खोकला. रात्रभर थोड्या थोड्या वेळानं तो ऐकू येतो, म्हणजे कोणीतरी जागं आहे, एवढं तिला पुरत असेल. आबा काकड्याला गेले की खोकला थांबतो. मग ती निजलेली तरी कशी राहील? मी गेले काय, मांजर गेलं काय. हे जर खरं असेल तर मी उगाच रडले. खरं आहे का ते मैनेला विचारता येत नाही. पण एक ठरवलंय. घोड्याची ही आडवी झोप रोज मोडत राहिली तर ते उभ्या उभ्या पेंगून पुढच्या गुडघ्यांवर कोसळतं, गुडघ्याला जखमा होतात. म्हणून काकडा पौर्णिमेला संपेपर्यंत उजाडल्याशिवाय गोठ्यात पाय ठेवायचा नाही. मला तिच्याजवळ जावंसं वाटतं ही माझी गरज, तिची झोप ही तिची. उठते तर उठू दे. माझ्यासाठी कोणीतरी आनंदानं उठतं, जांभई देऊन, अंग झाडून, हेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

जेवताना बाळूनं विषय काढला. मला वाटलंच होतं, दिवाळीपासून तो घोळवत होता. यंदा मार्गशीर्षात मैनेला माळेगावला न्यावी का? कडब्याचं कारण. अतिवृष्टीत अर्धी गंजी काळी पडली, बुरशी धरली. तसला कडबा म्हशीपुढं टाकतानाही हात कचरतो. घोड्याला तर देताच येत नाही, त्याला उलटी होत नाही, जे पोटात गेलं ते तिथंच राहून पोटशूळ उठतो. म्हणजे चांगला कडबा विकत घ्यायचा, वर भरड्याची चंदी म्हणजे रोजचा दाणा, नालबंदाचे पैसे. बाळूचा हिशोब चुकीचा नाही. पिंट्यानं मोबाईलवर वाचून त्यात भर घातली की भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली आहे, आपली मैना तशीच बुटकी, टणक खुराची, भीमथडी म्हणून सांगितली तर भाव जास्त येईल. आबा जेवणावरून मान वर न करता म्हणाले, ती भीमेकडची नाही, व्यापाऱ्यानं परभणीकडची सांगितली होती, खोटं बोलून देवाच्या जत्रेत जनावर विकायचं नाही. खंडोबाचं नाव घेतलं की आबांपुढं कोणी बोलत नाही. पण विकायचीच नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. मी वाट बघितली. म्हणाले नाहीत.

मग मी म्हटलं, चंदी आणि कडबा यापुढं माझ्या पैशातून. नालबंद पण. गटाच्या हिशोबाचे मला जे मिळतात त्यातून होतं. बाळू म्हणाला, आक्का, तुझे पैसे तू ठेव ना, आम्ही काय तुला... आणि पुढं त्याला बोलता येईना. माय चहा टाकायला उठायला लागली, मी तिचा हात धरून खाली बसवलं. जेवणावर कुठला चहा.

बाळू थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, बघ मग. तुला जमत असेल तर राहू दे.

रेखा भाकरीचा तुकडा मोडत होती. ती बसल्या जागेवरून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग खरारा अन् लीदसुद्धा तुम्हीच बघा आक्का. पिंट्याची दहावी आहे, रोज सकाळचा तास बुडतो त्याचा."

बघते, म्हटलं.