झेरमाट : शेवटचा दीड किलोमीटर

स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला जाऊन आलेले सगळे मॅटरहॉर्न शिखराचे फोटो टाकतात. स्टेशनाबाहेर पडल्यावर बॅगांचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून मीच सांगते.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. फेब्रुवारीत नाशिकहून आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन गाडीनेच निघालो. झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. अलीकडच्या टेश गावात गाडी ठेवायची आणि शटल ट्रेनने बारा मिनिटांत वर जायचं. टेशच्या पार्किंगमध्ये सामानाची ट्रॉली मिळते, ती तशीच ढकलत ट्रेनमध्ये नेता येते. इथवर सगळं छान.

हॉटेलच्या मेलमध्ये 'स्टेशनवरून मोफत पिकअप' असं स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही बाहेर आलो तर चौकात विजेवर चालणाऱ्या चौकोनी डबागाड्या ओळीने उभ्या, प्रत्येकीवर एकेका हॉटेलचं नाव. आमचं नाव कुठेच नाही. दहा मिनिटं थांबलो, मग फोन लावला.

"गाडी संध्याकाळी पाचपर्यंतच असते," पलीकडून थंड आवाज. "शिवाय आदल्या दिवशी वेळ कळवावी लागते."

"हे कुठे लिहिलंय?"

"चेक-इनच्या वेळी देतो त्या माहितीपत्रकात."

म्हणजे हॉटेलवर पोचल्यावर कळणार, की पोचायचं कसं! मी दोनदा विचारलं, आता काय करू? "टॅक्सी घ्या," म्हणाले आणि फोन ठेवला.

बर्फ पडत होता. बाबा माकडटोपीत, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर. आईच्या बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लोणचं, त्यामुळे ती बॅग नवऱ्यालाही एका हाताने उचलवेना. हॉटेल विंकेलमाटन भागात, म्हणजे दीड किलोमीटर आणि तोही चढाचा. इलेक्ट्रिक बस आली ती स्की घेतलेल्या लोकांनी खच्चून भरलेली. आम्ही चौघं आणि एवढं सामान बघून ड्रायव्हरने नुसती मान हलवली. टॅक्सीच्या रांगेत नंबर आला, तर त्या गाडीत माणसं मावत होती, बॅगा नाही. दुसरी मोठी यायला आणखी वीस मिनिटं. शेवटी बसलो तेव्हा स्टेशनावर उतरून सव्वा तास झाला होता. भाडं ऐकून बाबांनी मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेल छापून घेऊन मी रिसेप्शनवर उभी राहिले. तिथल्या मुलीने आधी माहितीपत्रकच पुढे केलं. मी हलले नाही. मागे लोक जमायला लागल्यावर टॅक्सीचे पैसे बिलातून वजा झाले. या सहलीतला माझा खरा पराक्रम हाच, कारण स्कीइंगमध्ये काही झाला नाही.

तेव्हा बुकिंग करतानाच लेखी विचारा : गाडी किती वाजेपर्यंत, कळवायचं कधी, बॅगा किती. 'स्टेशनपासून दहा मिनिटं' यावर जाऊ नका, चढ किती ते नकाशात बघा. आणि गाड्या नाहीत म्हणून रस्त्याच्या मधून रमतगमत चालू नका. त्या डबागाड्या आवाज न करता पाठीशी येऊन उभ्या राहतात.

स्कीइंग गावाच्या वरच्या सुनेगाला केलं. वर जाणारी रेल्वे पूर्ण बोगद्यातून जाते आणि नवशिक्यांचा उतार वरच आहे. पडले, उठले, पुन्हा पडले. बूट आदल्या संध्याकाळीच भाड्याने घ्या आणि दुकानाची स्की-लिफ्टजवळ सामान ठेवायची सोय असेल तर तिथेच ठेवा. ते बूट घालून गोठलेल्या गल्लीतून चालणं म्हणजे दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये घालून वरातीत नाचणं.

आई-बाबांनी गोर्नरग्राट डोंगरावर जाणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीत, 1898 पासून ती धावते आहे, 3,089 मीटरवर जाऊन घरून नेलेला चिवडा खाल्ला. जाताना उजवीकडे बसा, मॅटरहॉर्न त्या बाजूला दिसतो. ज्यांना घसरायचं नाही त्यांच्यासाठी बर्फातून चालायच्या वाटाही आहेत, त्यांच्या पाट्या गुलाबी असतात. पाच तलावांची प्रसिद्ध वाट मात्र उन्हाळ्यातली. हिवाळ्यात तलाव बर्फाखाली असतात. जुन्या वस्तीतली लाकडी कोठारं बघाच. उंदीर वर चढू नयेत म्हणून त्यांच्या खांबांवर दगडी चकत्या बसवल्या आहेत.

स्की-पास, म्हणजे स्कीच्या लिफ्टचं तिकीट, असेल तर गावातली बस फुकट असते. हे आम्हाला बसची तिकिटं काढल्यावर कळलं.

आणि हो, उत्तरेकडून गाडीने येत असाल तर कांडरश्टेगला गाडीच ट्रेनवर चढवून लोच्बर्ग बोगदा पार करता येतो. शनिवारी तिथे हीऽऽ रांग लागते. शक्यतो शनिवार टाळा.