तुम्ही विचारलंत म्हणून: परभणीत बसून देवमासे कशाला?

“सर, आपल्याकडं दुधनेला पाणी टिकंना, अन् तुम्ही देवमाशांच्या मोजणीचं काय घेऊन बसलात?” शाळेत, लग्नात, एसटीत, कुठंही मला हे विचारलं जातं. मी परभणीत गणित शिकवतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण कागदावरचा आकडा काय करू शकतो, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. पूर्वी पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या वर लागली की शेतात काहीही उभं असो, गावात दुष्काळ नसायचा.

हंपबॅक या जातीच्या देवमाशांचा आकडा तर जाणूनबुजून खोटा लिहिला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात सुमारे ४८,००० हंपबॅक मारले आणि नोंद दाखवली जेमतेम २,७०० ची. देवमासे गेले कुठं, याचा मेळ शास्त्रज्ञांना लागेना. १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव या रशियन शास्त्रज्ञानं ही लपवाछपवी जगापुढं आणली, तेव्हा कुठं हिशेब जुळायला लागला.

खरा आकडा मिळवायला काय लागतं, ते ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर दिसतं. जून-जुलैत अंटार्क्टिकाकडचे हंपबॅक पिलं घालायला उत्तरेच्या उबदार पाण्याकडं निघतात. क्वीन्सलँडमधल्या पॉइंट लुकआउटच्या उंचवट्यावर माणसं दुर्बिणी आणि थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन बसतात आणि समोरून जाणारे देवमासे टिपतात. काही दिवस दोन गट वेगवेगळे बसवतात, एकमेकांना काही न सांगता. दोन्ही वह्या ताडून पाहिल्या की किती नजरेतून निसटले, याचाही अंदाज बांधता येतो. मला हे फार मोलाचं वाटतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथं काही शेकडाच उरले होते. २०१५ च्या मोजणीत सुमारे २४,५०० भरले. वाढ दरसाल जवळपास ११ टक्के, म्हणजे सात वर्षांच्या आत दुप्पट. चक्रवाढ शिकवताना मी हेच उदाहरण घेतो आणि मुलांकडून साठच्या दशकापासून गणित करून घेतो.

दुसरी पद्धत फोटोंची. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी असते. समजा एका हंगामात शंभर शेपट्यांचे फोटो मिळाले, पुढच्या हंगामात पुन्हा शंभर, आणि त्यांतल्या वीस आधीच्याच निघाल्या. म्हणजे पाचात एक ओळखीची, आधीच्या शंभर हा एकूणाचा पाचवा भाग. मग एकूण साधारण पाचशे. दहावीच्या पोराला जमेल एवढंच गुणोत्तर. प्रत्यक्षात जन्म, मृत्यू, कुणाचा फोटो सहज मिळतो आणि कुणाचा नाही, हे सगळं धरावं लागतं.

आणि एकदा वाढले म्हणून मोजणी थांबवून चालत नाही. उत्तर पॅसिफिकमध्ये २०१२ च्या सुमारास ३३,००० हून अधिक हंपबॅक होते. मधल्या काळात समुद्र तापला, खाणं आटलं, आणि २०२१ पर्यंत ते २६,७०० च्या आसपास आले. दरवर्षीचे फोटो नसते तर ही घट कळलीच नसती.

आता आपल्या अरबी समुद्राचं. इथले हंपबॅक बाकीच्यांसारखे ध्रुवाकडं जात नाहीत, बारा महिने इथंच राहतात. ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्याची आपण जूनमध्ये वाट पाहतो, तोच वारा ओमानजवळ खोल समुद्रातलं गार, सकस पाणी वर आणतो आणि त्यावर यांचं अन्न पोसलं जातं. म्हणून ‘आपला काय संबंध’ हे मला पटत नाही. १९६५ आणि १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २४२ हंपबॅक मारले. पुढं ओमानच्या किनाऱ्यावर २००० ते २००४ मधल्या फोटोंवरून तिथल्या हंपबॅकची संख्या काढली, तर अंदाज आला सुमारे ८२. ऑस्ट्रेलियासारखी वाढ इथं दिसलेली नाही. २०१७ मध्ये लुबान नावाची एक मादी ओमानहून थेट भारताच्या दक्षिण टोकाकडं आली. तिच्या अंगावर उपग्रहाचं यंत्र होतं म्हणून ते कळलं. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरही पॉइंट लुकआउटसारखी माणसं बसावीत, वर्षानुवर्षं. पगार लागेल, होड्या लागतील, मच्छीमारांना सोबत घ्यावं लागेल. माझ्या वर्गातलं एखादं लेकरू त्या कामाला गेलं, तर मला फार आनंद होईल.