आमची वाटचाल: हातांना हालचाल देताना

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात सुरुवातीची कामं घोडबंदर रोडवरच्या बिल्डरांची होती. इमारत उभी राहायच्या आधी गिऱ्हाइकाला आभासी जग दाखवणारा (व्हीआर) हेडसेट लावून फ्लॅट फिरवून आणायचा. त्यात बघणाऱ्याला शरीरच नसतं; मान खाली घातली की नुसती लादी. फ्लॅट विकायला तेवढं पुरतं. पुढे रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांची सेफ्टी ट्रेनिंगची कामं येऊ लागली, आणि तिथे हातांशिवाय भागत नाही. व्हॉल्व्ह हातानेच बंद करायचा असतो.

हात दिसतात कसे यापेक्षा ते हलतात कसे, यावर पैसा लावायचा हे आम्ही तेव्हाच ठरवलं. १९९८ मध्ये बॉट्विनिक आणि कोहेन या संशोधकांनी माणसाचा खरा हात आडोशाला ठेवून समोर रबरी हात मांडला, दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला, आणि लोकांना रबरी हात आपला वाटू लागला. २०१० मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी ब्रशही काढून टाकला. आभासी हात खऱ्या हाताबरोबर हलला, एवढ्यावर तो लोकांना आपला वाटला. हालचाल जुळेना तेव्हा ती भावना बरीच ओसरली. मी बोट उचललं आणि त्याच क्षणी समोरचं बोट उचललं गेलं, तर ते माझंच, असा मेंदूचा हिशोब.

आमची खरी झटापट कोपराशी. डोकं आणि दोन्ही हात कुठे आहेत ते हेडसेटला कळतं, कोपराचा मात्र सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. वरचा व्हॉल्व्ह फिरवताना कामगाराचं कोपर बाहेर असतं, अवताराचं, म्हणजे हेडसेटमध्ये दिसणाऱ्या त्याच्या आभासी शरीराचं, कधीकधी बरगडीला चिकटलेलं. माणूस थबकतो, व्हॉल्व्ह सोडून दंडाकडे बघत बसतो. म्हणून खात्री नसेल तिथे आम्ही मनगटापर्यंतचे हातमोजेच दाखवतो. काही ग्राहकांना ते अर्धवट वाटतं, डेमोत बाहीसकट हात हवा असतो. मी त्यांना दोन्ही प्रकार घालून बघायला सांगतो. बहुतेक जण मग हातमोजेच घेतात.

ट्रेनिंगच्या आधी आभासी चेंजिंग रूममध्ये आरसा असतो. कामगार तिथे हेल्मेट चढवतो, हात हलवून बघतो, मान तिरकी करतो. त्याला घाई करायची नाही, हे आमच्या पोरांना मी बजावून ठेवलंय. त्यानंतर वाफेची गळती आली की वाफ खोटी आहे हे माहीत असूनही माणूस हात झटकन मागे घेतो. कारखान्यात उपयोगी पडणार ती हीच सवय.

आता प्रश्न चालण्याचा. ट्रेनिंग रूम लहान, पाइप रॅक (कारखान्यातले पाइप पेलणारा सांगाडा) लांबलचक. २०१६ च्या एका प्रयोगात बसलेल्या लोकांना स्वतःच्या नजरेतून चालणारा अवतार दाखवला, तर आपणच चालतोय असं त्यांना वाटलं. त्याच धर्तीवर आम्ही रॅकचा भाग बांधतोय. जिना उतरताना काहींना अजून गरगरतं, म्हणून तो सध्या वगळलाय.